डाव्या बाजूचे तीन आरसे

आमच्या घरात भांडणं व्हायची ती गाडीचं इंजिन कुठं असावं यावर. शेतावरून नाही, लग्नावरून नाही, माझ्या नोकरीवरून तर नाहीच. अण्णा, म्हणजे माझे वडील, नांदेडच्या आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकच्या पोरांना शिकवून निवृत्त झालेले. मी लातूरच्या एका तंत्रनिकेतनात साधारण तेच शिकवते, फक्त इंग्रजी शब्द जास्त वापरते आणि हात कमी काळे करते. हे शेवटचं वाक्य अण्णांचं आहे.

भांडणाला दोन कंपन्या होत्या, दोन्ही परदेशी, दोन्ही स्पोर्ट्स कार बनवणाऱ्या. एक जर्मन, ती अण्णांची. एक इटालियन, ती माझी. दोन्हींपैकी एकीचीही गाडी आमच्या दारात कधी उभी राहणार नव्हती, त्यामुळे भांडायला पूर्ण मोकळीक होती. पण मागच्या वर्षी याच भांडणात एक खरी गोष्ट पणाला लागली. अण्णांनी गाडी चालवणं सोडायचं की नाही, ही ती गोष्ट. तेव्हा मला कळलं की इतकी वर्षं आम्ही लोखंडाबद्दल भांडतच नव्हतो.

सुरुवात नांदेडच्या वजिराबाद भागातल्या एका रद्दीच्या दुकानातून झाली. मी सातवीत असेन. अण्णा तिथून परदेशी मोटारींची जुनी मासिकं आणायचे, कुणाकुणाच्या चहाचे डाग पडलेली. इंग्रजी दोघांचंही बेताचं. ते आकृत्या वाचायचे, मी डिक्शनरी मांडीवर घेऊन खालच्या ओळी वाचायची, आणि दोघांचं जुळलं की एक गाडी समजायची. आई पलीकडे शाळेच्या वह्या तपासत बसलेली असायची. ती प्राथमिक शाळेत शिक्षिका होती आणि आम्हा दोघांना एकाच इयत्तेत धरायची.

जर्मन कंपनीची गोष्ट अशी. त्यांनी गाडीचं इंजिन मागच्या चाकांच्याही मागे टांगलं. कुठलंही पुस्तक उघडा, ही जागा चुकीची आहे. सगळं वजन शेपटीला. वेगात वळण घेताना चालकानं घाबरून ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला, की शेपूट पुढं यायला बघतं. कंपनीला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तरी त्यांनी इंजिन हलवलं नाही. पुढच्या बंपरमध्ये लपवून वजनं बसवली. मागचे टायर रुंद केले. चाकांमधलं अंतर वाढवलं. पुढं इलेक्ट्रॉनिक्स आलं, तेही त्याच कामाला जुंपलं. साठ वर्षं एकच आकार, एकच चूक, आणि दर वर्षी त्या चुकीची थोडी थोडी दुरुस्ती. शेवटी अशी गाडी झाली की लोक म्हणू लागले, वळणात हिच्यासारखी दुसरी नाही.

"याला म्हणतात इमान," अण्णा म्हणायचे. "चूक आपली हाय ना? मग टाकायची न्हाई. दुरुस्त करत राहायची."

माझ्या इटालियन कंपनीचं सगळं उलटं. तीही आधी इंजिन पुढंच ठेवून हट्टानं बसली होती, पण शर्यतीत मधल्या इंजिनाच्या गाड्या पुढं जाताना दिसल्यावर तिनंही इंजिन उचलून चालकाच्या पाठीशी, पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधे आणलं. नवी गाडी काढायची तर नवा सांगाडा, नवं अंग, नवा आवाज. कालची कितीही देखणी असो, आज ती जुनी. मला हे फार आवडायचं. जमत नाही ना, मग मोडा आणि नव्यानं करा. अण्णांच्या मते हा श्रीमंत घरच्या लाडावलेल्या पोरीचा स्वभाव होता. आम्ही श्रीमंत नव्हतो, लाडावलेली मात्र मी होते.

हे मासिकातलं मासिकात राहिलं नाही. अण्णांची पांढरी हॅचबॅक अठरा वर्षांची झाली तरी दारात होती. तिचा डॅशबोर्ड खडखडायला लागला तेव्हा त्यांनी मधे ट्यूबचा तुकडा बसवला. तुकड्यानं हीटरची कळ अडली, तेव्हा कळीला वेगळी मूठ केली. नांदेडच्या हवेत हीटर लागतो कधी? पण कळ फिरली पाहिजे. मी तेवढ्या काळात तीन गाड्या बदलल्या, दोन नोकऱ्या बदलल्या आणि एक गावही बदललं. नव्या गाडीचे पेढे घेऊन गेले की अण्णा पेढा खायचे, गाडीभोवती एक चक्कर मारायचे आणि म्हणायचे, "पहिलीला काय झालतं?"

मी लातूरला आले तेव्हापासून आमचा एक रिवाज आहे. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी अण्णा आणि आई नांदेडहून निघायचे, मी लातूरहून, आणि आम्ही मधे अहमदपूरला भेटायचो. गावाबाहेर एक चहाचं हॉटेल आहे, पत्र्याची शेड आणि पुढं कडुनिंब. तिथं दोन तास. आई डबा आणायची, धपाटे आणि दही. आई वाटेतल्या लोहा गावाच्या आधीच गाडीत झोपून जायची आणि अहमदपूरला ताजीतवानी उतरायची. अण्णा गाडी कायम तोंड रस्त्याकडे करून लावायचे. मग मी आणि अण्णा इंजिनावर यायचो. माझा नवरा एकदाच आला होता. त्यानं दोन तास ऐकून घेतलं आणि पुढच्या वेळेपासून त्याला रविवारी कामं निघू लागली.

त्या जर्मन गाडीचं खरं दर्शन आम्हाला एकदाच झालं. लातूरला एका लग्नाच्या वरातीसाठी कुणीतरी हैदराबादहून पिवळी गाडी मागवली होती. मी फोन केला, आणि अण्णा नांदेडहून साडेतीन तासांत हजर, पांढरा इस्त्रीचा शर्ट घालून, जसं काही मुलगी बघायला आलेत. गाडी मंगल कार्यालयाच्या पुढच्या गतिरोधकापाशी अडकली होती. तिचं पोट जमिनीला टेकत होतं आणि वऱ्हाडी मंडळी लाकडाच्या फळ्या शोधत होती. अण्णांनी ड्रायव्हरला अदबीनं विचारलं, "साहेब, दोन मिनिटं खालून बघू का?" आणि रुमाल पसरून ते भर रस्त्यात पाठीवर झोपले. बँड वाजत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि त्याच वेळी असंही वाटलं की या माणसासारखा माणूस मला पुन्हा भेटणार नाही.

ते उठले तेव्हा तोंड उतरलेलं. "खाली सगळं प्लॅस्टिकनं झाकलंय. इंजिन दिसलंच न्हाई." मग रुमाल झटकत म्हणाले, "पण ऊब लागली. मागूनच लागली."

काही वर्षांपूर्वी त्याच कंपनीनं आपल्या शर्यतीच्या गाडीत इंजिन मागच्या चाकांच्या पुढं आणलं. ही बातमी मी अण्णांना मुद्दाम फोन करून सांगितली, अगदी दात काढत. तिकडून आधी टीव्ही बंद केल्याचा आवाज आला. मग, "रस्त्यावरच्या गाडीत?" मी म्हटलं, नाही, ती आहे तशीच आहे. "मग ठीक हाय," म्हणाले, पण ते काही ठीक नव्हतं. आईनं नंतर सांगितलं की त्या रात्री ते जुनी मासिकं काढून बसले होते.

आता आरशांकडे येते.

मागच्या वर्षी पोळा झाल्यावरच्या रविवारी मला अण्णांच्या गाडीच्या डाव्या आरशावर एक छोटा गोल आरसा चिकटवलेला दिसला. पुढच्या महिन्यात त्याच्या शेजारी आणखी एक. त्याच्या पुढच्या महिन्यात बोनेटच्या डाव्या कोपऱ्यावर ट्रकला असतो तसा लांब दांड्याचा आरसा, दांडा स्वतः वाकवून वेल्डिंग केलेला. अण्णांनी मला ड्रायव्हरच्या जागी बसवून दाखवलं. तिन्ही आरशांचे कोन असे जुळवलेले की गाडीच्या डाव्या अंगाचा वीतभर तुकडाही नजरेतून सुटत नव्हता. काम फार सुरेख होतं.

"मूळ आरसा काढला न्हाई," ते खुशीत म्हणाले. "हाय त्यातच सुधारणा."

मी फोटो काढले. आणि दुसऱ्या दिवशी वर्गात ते पडद्यावर लावले. एका निवृत्त शिक्षकानं गाडीचा न दिसणारा कोपरा कसा नाहीसा केला, यावर मी अर्धा तास बोलले. पोरांनी वहीत आकृत्या काढल्या. दर वर्षी पहिल्याच तासाला मी त्यांना एक गोष्ट घोकून घ्यायला लावते, की दुरुस्ती बघायच्या आधी बिघाड विचारा. त्या दिवशी एकाही पोरानं विचारलं नाही आणि त्यांच्या मॅडमनंही विचारलं नाही. अठरा वर्षं एका आरशात भागत होतं, तर आता तीन का लागले? दुसऱ्या कुणाची मुलगी असती तर तिनं पहिल्याच रविवारी हेच विचारलं असतं. आम्ही दोघं दांड्याच्या कोनावर बोलत बसलो.

दिवाळी होऊन गेल्यावर एका रविवारी माझी गाडी दुरुस्तीला होती, म्हणून मी एसटीनं अहमदपूरला आले आणि तिथून त्यांच्याच गाडीनं नांदेडला निघाले. मी मागे बसले. आई पुढं, डाव्या बाजूला. आई झोपली नाही.

"डावीकडं म्हैस हाय," आई म्हणाली.

अण्णांनी गाडी जराशी उजवीकडं घेतली.

"डावीकडं टमटम. थांबलेली हाय."

मला गंमत वाटली. म्हटलं, आई आता म्हातारी होऊन घाबरट झाली. तिची चेष्टाही केली. ती हसली नाही, रस्त्यावरून तिनं डोळेही हटवले नाहीत. उसाचा ट्रॅक्टर, शाळेची पोरं, सायकल, डावीकडचं सगळं ती एका सुरात सांगत होती, वर्गात हजेरी घ्यावी तसं. लोह्याच्या अलीकडं ती पाण्याची बाटली शोधायला पायाशी वाकली. तेवढ्यात एका गावाच्या रस्त्यावरून, डावीकडून, दुधाचे कॅन बांधलेली मोटारसायकल हमरस्त्यावर आली. लपून नाही, उडी मारून नाही, नेहमी येतात तशी आली. अण्णांचा पाय ब्रेककडं गेलाच नाही.

मी ओरडले. गाडी थांबली. मोटारसायकल आडवी झाली नाही, फक्त एका कॅनचं झाकण उडालं आणि दूध रस्त्यावर आलं. मोटारसायकलवाला अण्णांच्या खिडकीशी आला. पांढरे केस बघून त्यानं आवाज खाली घेतला.

"काका, दिसत न्हाई का?"

प्रश्न साधा होता.

तो गेल्यावर अण्णांनी गाडी कडेला घेतली. मी आईला विचारलं, "कधीपासून?"

"पोळ्यापासून," आई म्हणाली.

"आरसे लावलेत की," अण्णा म्हणाले. त्यांचे हात स्टिअरिंगवरच होते. "आन् ही हाय डाव्या बाजूला. चाललंय की बरोबर."

तिथून नांदेडपर्यंत गाडी मी चालवली. त्या रस्त्यात मला रडू आलं, ते भीतीनं कमी आणि रागानं जास्त. राग त्यांचा नव्हता, पडद्यावर लावलेल्या त्या फोटोंचा होता.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. डाव्या डोळ्याची कडेची नजर बरीचशी गेलेली, ती परत येणार नाही. थेंब नियमित टाकले तर उरलेली टिकवता येईल. गाडी चालवू नका. अण्णांनी सगळं शांतपणे ऐकलं, घरी आले आणि जेवणाआधी एक कागद घेऊन बसले. वर्गात काढायचे तशी वरून दिसणारी गाडी काढली, पट्टी न वापरता सरळ रेघा. मग आकडे टाकले. एक, चौथा आरसा. दोन, डाव्या बाजूला कॅमेरा. तीन, वेग चाळीसच्या आत. चार, उन्हातच निघायचं. पाच, तिचा आवाज.

मी तो कागद बघितला आणि माझं डोकं फिरलं. "आई सुटा भाग आहे का, अण्णा? विकून टाका ती गाडी. जमत नाही ते सोडायचं असतं."

असं बोलायला नको होतं. निदान त्या शब्दांत नको होतं.

त्यांनी कागदाची घडी केली. "तुझ्या इटलीवाल्यांचं बरं हाय, माय. मोडायला काय लागतंय." मग त्या घडीवर घडी घालत राहिले. "मी महिन्यातून एकदा माझ्या लेकीला भेटायला जातो. माझा मी जातो. उद्या मला कुणी आणून सोडलं, तर ते भेटायला आलो म्हणायचं, का पार्सल आलं म्हणायचं?"

मी लातूरला परत आले.

अहमदपूरचा रविवार बंद पडला. त्या हिवाळ्यात मीच नांदेडला जात राहिले. अण्णा नीट बोलायचे, तब्येत विचारायचे, थेंबांची वेळ झाली की स्वतः उठायचे. इंजिनाचा विषय निघायचा नाही. मी काढला तरी "असेल, असेल" म्हणायचे. माझं म्हणणं एवढ्या सहज मान्य होणं मला सहन होईना. मला माझं भांडण परत हवं होतं. गाडी दारातच असायची, कव्हर घातलेली, आणि मला वाटायचं की ते ती विकायचं धैर्य गोळा करतायत.

एक गोष्ट तेवढी वेगळी होती. सकाळी फोन केला की आई धापा टाकत उचलायची. "फिरून आलो आत्ताच," म्हणायची. दाराशी तिच्या चपलांच्या जागी कॅनव्हासचे बूट आले होते. डॉक्टरांनी चालायला सांगितलं असेल असं मी धरून चालले. हाही बिघाड मी विचारला नाही.

उन्हाळा लागताना अण्णांचा फोन आला. "दुसऱ्या रविवारी ये. नेहमीच्या जागी."

ते दोघं एसटीनं येणार, हे मी मनानंच ठरवलं आणि त्यांना एवढ्या लांब चालायला नको म्हणून आधी बसस्थानकावर जाऊन उभी राहिले. नांदेडच्या दोन बसेस आल्या. शेवटचा माणूस उतरेपर्यंत मी थांबले. मग घाबरून हॉटेलकडे आले. तिथंही कुणी नव्हतं.

थोड्या वेळानं नांदेडच्या बाजूनं ती पांढरी हॅचबॅक आली. फार हळू, आणि डावीकडचा इंडिकेटर पार लांबून लावलेला. कडुनिंबापाशी येऊन ती थांबली, मग मागे गेली, पुढं आली, पुन्हा मागे गेली, आणि तोंड रस्त्याकडे करून नीट उभी राहिली. स्टिअरिंगवर माझी आई होती. दोन्ही हात घट्ट, पदर कमरेला खोचलेला, पायात ते बूट.

मी धावत डाव्या खिडकीपाशी गेले. काच खाली होती. आत अण्णा झोपले होते, मान जराशी आईकडं कललेली, तोंड थोडं उघडं. माझ्या आख्ख्या आयुष्यात मी त्यांना गाडीत झोपलेलं पाहिलं नव्हतं. बसमध्येही ते ड्रायव्हरचा गिअर बघत जागे असायचे.

आईनं ओठावर बोट ठेवलं. "लोह्याच्या आधीच झोपले," ती कुजबुजली.

मग त्यांच्या डोक्यावरून आम्ही हळूच बोललो. अण्णांनीच शिकवलं होतं. रोज सकाळी, आधी मोकळ्या मैदानात, मग वस्तीत, मग हमरस्त्यावर. लायसन्सच्या परीक्षेला ती वयानं सगळ्यांत मोठी होती. "पहिल्या दिवशी काय सांगितलं माहितीय? वळणात घाबरून पाय उचलायचा न्हाई," आई म्हणाली. "लई ओरडले. मी पण ओरडले." चाळीस वर्षं वर्गावर ओरडलेली बाई ती, अण्णांना काय भिणार. मी बोनेटकडे बघितलं. लांब दांड्याचा आरसा नव्हता. दोन गोल आरसेही काढलेले, त्यांच्या डिंकाचे डाग तेवढे राहिले होते. डावीकडं कंपनीचा तो मूळ एकच आरसा होता.

रस्त्यावर ट्रकनं हॉर्न दिला आणि अण्णा जागे झाले. त्यांनी आधी आईकडं बघितलं, मग समोर, कडुनिंबाखालच्या रिकाम्या बाकांकडे.

"आली न्हाई का अजून?" त्यांनी आईला विचारलं.

मी त्यांच्या डाव्या खांद्यापासून वीतभर अंतरावर उभी होते. हात पुढं केला असता तर त्यांच्या कॉलरला लागला असता.

मी गाडीच्या पुढून वळसा घातला आणि बोनेटसमोर जाऊन उभी राहिले.

त्यांचा चेहरा उजळला. "ही काय!" ते म्हणाले, आणि मग भुवई उडवून आईच्या हातातल्या स्टिअरिंगकडं बोट केलं. "इंजिन हलवलंय. बघितलं का?"

"बघितलं," मी म्हटलं. "शेवटी ऐकलंत माझं."

"तुझं कामून? तू विकायला सांगितलतंस. गाडी तीच हाय." त्यांनी स्वतःच दार उघडलं, उतरताना डावीकडं मान पूर्ण वळवून बघितली, आणि कडुनिंबाखाली येऊन बसले. "दुरुस्ती हाय ही, माय. आता चहा सांग, मग सांगतो तुझ्या इटलीवाल्यांचं काय चुकलं ते."